पुरावा : उघडू नये

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

नवी वही. दोनशे पानी, रेघांची. पहिल्या पानावर नाव लिहिलेलं नाही. वही चुकून वकिलांच्या हाती पडली तर पंचाईत नको.

वहीचा हेतू एकच : आमच्या वकीलसाहेबांना शिस्त लावणे.

पार्श्वभूमी, क्रमवार. मामाला जाऊन चौदा महिने झाले. मामा घड्याळजी होता. लग्न केलं नाही. मागे ठेवलं एक दुकान, दहा बाय बारा, आणि दीड पानी मृत्युपत्र. दुकान भाचीला, म्हणजे ताईला. पुढची ओळ माझ्याबद्दल : ‘भाच्याला माझं डोळ्याला लावायचं भिंग, कारण त्याला सगळं फार जवळून बघायची सवय आहे.’ हे कौतुक आहे. ही ओळ वाचून ताई हसली होती, पण तिला शब्दांतली खोली कळत नाही.

मृत्युपत्र कोर्टातून मंजूर करून आणायचं, एवढंच वकिलांचं काम. तोवर इमारतीच्या मालकाने दुकानाला आपलं कुलूप ठोकलं आहे. कोर्टाचा कागद दाखवा, किल्ली न्या, म्हणतो. त्याचं बरोबर आहे. प्रश्न हा की चौदा महिन्यांत वकिलांनी काय केलं? मासे पाळले. ऑफिसात काचेची टाकी आहे. मी गेलो की साहेब माशांना खाऊ घालत उभे. मान न वळवता म्हणतात, पुढच्या आठवड्यात या, काम झालंच समजा.

मी बावीस वेळा गेलो. (तारखा शेवटच्या पानावर.) बाविसाव्या खेपेला आमची फाईल दिसली. टाकीच्या एका पायाखाली. टाकी कलत होती म्हणून.

संकल्प : (१) रोज लिहिणे. (२) भावनेच्या आहारी न जाणे. (३) पंधरा दिवसांत वकिलांना सरळ करणे.

५ मार्च, बुधवार. सकाळी ६.५०

काल लिहिलं नाही. पेनातली शाई संपली होती. पेन्सिलने लिहिलेलं कायद्यात टिकत नाही असं ऐकून आहे.

ताईचं शिलाई मशीन घराच्या पॅसेजमध्ये असतं. स्वयंपाकघरात जायचं तर मशीन ओलांडून, बाथरूमला जायचं तर ताईला उठवून. काल शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या होत्या. एकशे वीस गणवेश शिवायचे आहेत. काम ताईलाच द्यायचं म्हणाल्या, पण कापडाचे तागे कुठे ठेवणार, पॅसेजमध्ये? मग सांगितलं, १५ मेपर्यंत मला जागा दाखव, नाहीतर दुसरीकडे देते.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, १५ मे म्हणजे भरपूर वेळ आहे, तू कात्रीला धार लावून घे.

ती म्हणाली, तू काही करू नकोस बाबा, फक्त वकिलांना फोन करत राहा.

फोन! लोकांना अजून वाटतं फोनने कामं होतात. मी ठरवलं आहे : वकिलांच्या शिस्त समितीकडे लेखी तक्रार.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी १.४०, दुकानात, जेवणाच्या सुट्टीत

तक्रार लिहून झाली. एकेचाळीस पानं. एकही खाडाखोड नाही.

माझं शिक्षण अर्धवट राहिलं हे खरं, पण शुद्धलेखनात मी भल्याभल्यांना ऐकत नाही. मी कामाला आहे ते दुकान रबरी शिक्क्यांचं. शिक्क्यात एक वेलांटी चुकली की सगळं रबर कचऱ्यात, त्यामुळे हात आपोआप काटेकोर होतो. शिवाय आम्हा शिक्केवाल्यांना उलटी अक्षरं सुलटीसारखी वाचता येतात. ही विद्या वकिलांना नसते.

शिक्क्यांच्या दुकानाच्या मालकांनी तक्रारीचा गठ्ठा हातात घेऊन वजन केलं. म्हणाले, न्यायमूर्ती, एवढ्यात तर नवीन वकील झाला असता तू. तेव्हापासून दुकानात मला न्यायमूर्तीच म्हणतात. थट्टा आहे, पण हाक वाईट नाही.

मुख्याध्यापिकाबाईंचा शाळेचा शिक्काही आमच्याकडेच करायला आहे. निकालपत्रकांवर मारायचा. सोमवारी घेतो.

१० मार्च, सोमवार. सायंकाळी ५.३०

समितीच्या कार्यालयात गेलो. सुट्टी घेऊन, इस्त्रीचा शर्ट.

खिडकीतले कारकून चहात बिस्कीट बुडवत होते. एकेचाळीस पानं बघून बिस्कीट चहात पडलं. म्हणाले, चार पानं चालतात, पाचवं घेत नाही. मी म्हणालो, सत्य चार पानांत मावत नाही. ते म्हणाले, मग बारीक लिहा.

तिथेच बाकावर बसून बारीक लिहिलं. मामाचं भिंग कामाला आलं. स्वीकारली. निघताना विचारलं, पुराव्याचं काय? बिस्किटाचा गाळ चमच्याने काढत ते म्हणाले, वकिलाकडून जो काही कागद येईल तो सुनावणीला आणा, जसाच्या तसा, त्यात छेडछाड नको.

जसाच्या तसा. चारदा मनात म्हटलं.

एक गोष्ट लक्षात आली. समितीचा शिक्का झिजला आहे. पोचपावतीवर ‘शिस्त’ दिसतं, ‘समिती’च्या जागी नुसता डाग. मी नवा करून द्यायची तयारी दाखवली. कारकून खूश. ही लाच नव्हे. संस्थेचं नाव नीट उमटावं ही नागरिकाची तळमळ आहे.

११ मार्च, मंगळवार. दुपारी २.१५

समितीचा शिक्का आधी घेतला. गोल, दुहेरी कडा. शाळेचा उद्या.

१९ मार्च, बुधवार. दुपारी १.३०

समितीचा शिक्का पोचवला. पूर्ण आठ दिवस दिले त्याला. चारदा केला, पहिल्या तिघांत मला दोष दिसला, मालकांना दिसला नाही. मालक म्हणाले, न्यायमूर्ती, बाकीचं गिऱ्हाईक काय वर गेलंय का?

मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात या, काम झालंच समजा.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी ८.००

समितीची नोटीस वकिलांना पोचली असावी. काल एका दिवसात त्यांचे अकरा फोन. चौदा महिन्यांत एकदाही नव्हता! मी एकही उचलला नाही. सहावा वाजला तेव्हा ताई म्हणाली, अरे उचल, काम झालं असेल. मी समजावलं : तक्रार दाखल झाल्यावर विरुद्ध पक्षाशी बोलणं म्हणजे केस पाण्यात. तिने विचारलं, हे कुणी सांगितलं? मी म्हणालो, हे सांगावं लागत नाही.

वकिलांचा नंबर ब्लॉक केला. सुरुवातीपासून त्यांच्याकडे फक्त माझा नंबर आहे, ताईचा नाही. ही माझीच दूरदृष्टी.

पंधरा दिवस उलटून दहा दिवस झाले. संकल्प (३) मधले ‘पंधरा दिवस’ हे कामाचे दिवस समजावेत.

२ एप्रिल, बुधवार. सकाळी १०.०५

रजिस्टर पोस्टाने लिफाफा. ताईच्या नावे, पाठवणार वकीलसाहेब. पोस्टमनकडे मी सही केली आणि सहीखाली माझा शिक्का मारला : ‘अधिकृत प्रतिनिधी’. पोस्टमन बघतच राहिला.

लिफाफा जाड आहे. हात जरा थरथरले. उत्साहाने. शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या निकालाचं पाकीट मामाने उघडलं होतं. पुढच्या वर्षीचंही मामानेच. दोन्ही वेळा वाचून म्हणाला, बरं, चल, चहा पिऊ. पाकिटं उघडणं मला जमत नाही असं नाही. तशी वेळ आली नाही.

तर लिफाफा. उघडायचा का? विचार केला. कारकुनांचे शब्द आठवले : जसाच्या तसा, छेडछाड नको. लिफाफा फाडणं ही छेडछाड नाही तर काय?

दुकानात येऊन तातडीने नवा शिक्का केला : ‘पुरावा : उघडू नये’. लाल शाई. लिफाफ्यावर तिरका मारला. फार सुरेख उमटला.

आत बहुधा माफीनामा. जाडीवरून सहा-सात पानी.

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी ७.२०

ताईला शिक्का आवडलेला नाही. म्हणाली, अरे माझ्या नावाचं पत्र, आणि मीच उघडू नये? मी नियम सांगितला. ती म्हणाली, वाफेवर धरू, कळणारसुद्धा नाही. वकिलापेक्षा घरातच जास्त लक्ष ठेवावं लागणार. लिफाफा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून त्याला कुलूप लावलं.

शेवटी ती म्हणाली, बरं, सुनावणीपर्यंत तुझं ऐकते. पण दुकान गेलं तर तुलाच कापून गणवेश शिवीन.

बोलायची तिची पद्धत आहे.

१५ एप्रिल, मंगळवार. सकाळी १०.२०

दुसरा लिफाफा. हा पातळ. शिक्का मारला.

मग कल्पना सुचली. उघडायचा नाही, पण बघायला कुठे बंदी आहे? बल्बसमोर धरला, मामाचं भिंग लावलं. कागदाची घडी अशी की अक्षरं उलटी दिसत होती. दुसरा कुणी असता तर हात टेकले असते. मी सरळ वाचलं! सलग नाही, घडीमुळे मध्येमध्ये काळं होतं. पण तीन ठिकाणं स्पष्ट : ‘सही’, ‘तीस दिवसांत’, ‘अन्यथा रद्द’.

सगळा डाव ध्यानात आला. साहेबांना तक्रार मागे घेतल्याची सही हवी आहे. तीस दिवसांत द्या, अन्यथा तुमचं काम रद्द. धमकी! आणि तीही रजिस्टर पोस्टाने!

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, उघडून नीट वाच की लेका. म्हणून मालक मालक राहिले, न्यायमूर्ती झाले नाहीत.

१८ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १२.४५

वकिलांच्या ज्युनिअर बाई दुकानात आल्या. वय माझ्याएवढंच. मला नरम करायला मुद्दाम पाठवलं हे उघड आहे. नेमका आजच मी केस नीट विंचरले होते, हा योगायोग.

म्हणाल्या, अहो, एक सही हवी आहे हो तुमच्या ताईंची, एकच, पाच मिनिटं लागतील. डोळ्यांत पाणी येईल असं बोलल्या. मी विरघळलो नाही. म्हणालो, चर्चा सुनावणीत. त्या म्हणाल्या, अहो सुनावणीपर्यंत उशीर होईल! मी म्हणालो, कुणाला? त्यांनी कपाळावर हात मारला. कोंडीत सापडलेली माणसं असंच करतात.

बाई म्हणाल्या, मला ताईंचा फोन नंबर तरी द्या, मीच बोलते. मी म्हणालो, ताई कामात असते, मी प्रतिनिधी आहे. आणि त्यांना शिक्का मारून पावती दिली : ‘भेट झाली. चर्चा नाही.’ पावती घेऊन त्या बराच वेळ मालकांकडे बघत उभ्या होत्या. मालक छताकडे बघत होते.

शाळेचा शिक्का राहिला. आज मन:स्थिती नव्हती.

२२ एप्रिल, मंगळवार. सकाळी ९.१५

खुद्द वकीलसाहेब घरी! ताई शिवलेले कपडे द्यायला बाहेर गेली होती. साहेब दोन जिने चढून आलेले, घामाघूम. मी साखळी लावून दार चार बोटं उघडलं. ते म्हणाले, अरे बाबा, चूक झाली माझी, चौदा महिने झोपलो, कबूल, पण आता सही तर कर! बहिणीला बोलाव!

मी म्हणालो, दबाव आणू नका.

ते म्हणाले, दबाव? अरे माझे मासे उपाशी आहेत आठ दिवस तुझ्यापायी! सही! एक सही!

मी शांतपणे दार लावलं. ते पायऱ्यांवर बसून राहिले. मी भिंगातून, दाराच्या फटीतून, सोळा मिनिटं पाहिलं. मोठा माणूस असा बसलेला बघून वाईट वाटतं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

ताईला सांगितलं नाही. तिला उगीच टेन्शन.

२५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी १०.१०

तिसरा लिफाफा. लहान, जड, आत काहीतरी खुळखुळतं! धातू. लाच! बहुधा अंगठी. पोस्टमनसमोरच दोनदा हलवून खात्री केली आणि त्याला साक्षीदार व्हाल का विचारलं. तो म्हणाला, साहेब, मला अजून चाळीस घरं आहेत.

लाल शिक्का. शिवाय कडेने दोरा गुंडाळून मेण लावलं. आता कुणाची छाती होणार नाही.

केस लोखंडासारखी झाली आहे. आज मला माझाच अभिमान वाटला. मामा असता तर म्हणाला असता... काय म्हणाला असता ते नीट सुचेना. बहुधा, चल, चहा पिऊ.

७ मे, बुधवार. सायंकाळी ६.३०

उद्या सुनावणी. ताई विचारत होती, १५ मे आठ दिवसांवर आला, उद्या किल्ली मिळेल का रे? मी म्हणालो, उद्या वकिलांची अशी गत होईल की परवा ते स्वतः किल्ली घेऊन दारात उभे राहतील.

तिने मला दही-साखर नाही, पण वरून दोन चमचे तूप वाढलं. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

८ मे, गुरुवार. दुपारी ३.५०, समितीच्या आवाराबाहेरच्या बाकावर

घडलं ते क्रमवार लिहितो. क्रम महत्त्वाचा.

अध्यक्षबाई वयस्कर, चष्मा दोरीने गळ्यात. आधी वकिलांना विचारलं, फाईल कुठे होती? साहेब खाली बघून म्हणाले, टाकीखाली. कसल्या टाकीखाली? माशांच्या. किती महिने? चौदा. बाकीचे दोन सदस्य खोकले. अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि तक्रार आल्यावर काम करायला किती वेळ लागला? साहेब म्हणाले, अर्धा दिवस.

इथपर्यंत मी जिंकत होतो. ‘काम करायला’ हे शब्द कानात शिरले होते, पण पोचले नव्हते.

मग माझी पाळी. डब्याचं कुलूप उघडलं. तीन लिफाफे एका रेषेत टेबलावर ठेवले. म्हणालो, एकही उघडलेला नाही, बाई, जसाच्या तसा. मला वाटलं होतं त्या मान डोलावतील. त्यांनी चष्मा लावला, लाल शिक्का वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग म्हणाल्या, म्हणजे तुम्ही ही वाचलीच नाहीत?

वकीलसाहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. ज्युनिअर बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. खांदे हलत होते. रडत असाव्यात.

अध्यक्षबाईंनी सुरीने पहिला उघडला. कोर्टाचा आदेश. मृत्युपत्र मंजूर. दुकान ताईचं. सोबत ताबा घेतल्याचा फॉर्म. त्यावर ताईने तीस दिवसांत सही करून द्यायची, अन्यथा आदेश रद्द. दुसरा उघडला : पहिल्याची आठवण. तिसऱ्याचं मेण निघेना. शिपायाला बोलावलं. त्याने दोरा दातांनी तोडला. लिफाफा उलटा केला आणि टेबलावर किल्ली पडली.

मामाच्या दुकानाच्या कुलपाची, कोर्टाचा कागद दाखवून इमारतीच्या मालकाकडून आणलेली. सोबत चिठ्ठी, वकिलांच्या अक्षरात : ‘पाया पडतो. १ मेच्या आत सही करा.’

आज ८ मे.

ताई दुसऱ्या रांगेत होती. उठून उभी राहिली. किल्लीकडे बघितलं आणि खाली बसली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, या गृहस्थांनी चौदा महिने झोप काढली, त्याचं आम्ही बघून घेऊ. पंधराव्या महिन्यात कोण झोपलं होतं? मी म्हणालो, बाई, मी तर पहारा देत होतो. त्या म्हणाल्या, तुम्ही वकील नाही हे तुमचं नशीब, नाहीतर आज इथे दोन निकाल लागले असते.

मला म्हणायचं होतं की नियम मला खिडकीतच सांगण्यात आला. वळून बघितलं. कारकून दारात उभे होते. बिस्कीट हातातच राहिलं होतं.

८ मे, सायंकाळी ७.००

ताई मशीन चालवते आहे. मशीनमध्ये कापड नाही.

९ मे, शुक्रवार. सकाळी ११.३०, वकिलांच्या ऑफिसात

मार्ग आहे. मुदत वाढवून मागता येते. वकीलसाहेब फुकट करणार, समितीने तशी तंबीच दिली. पण अर्जासोबत शपथपत्र लागतं : उशीर का झाला, ज्याच्यामुळे झाला त्याने स्वतः लिहायचं. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी माशांकडे पाहिलं. टाकी आता सरळ आहे, खाली लाकडी पाचर घातली आहे.

शपथपत्र लिहायला बसलो. लिहिणं हा माझा प्रांत आहे.

१२ मे, सोमवार. दुपारी १२.१०

सात मसुदे झाले. पहिल्यात ‘पुराव्याचे पावित्र्य अबाधित राखण्याच्या हेतूने’. ज्युनिअर बाईंनी काट मारली. दुसऱ्यात ‘समितीच्या कर्मचाऱ्यांच्या संदिग्ध सूचनेमुळे’. काट. तिसऱ्यात पोस्टमन. चौथ्यात प्रकाशाचा दोष, बल्ब चाळीस वॉटचा होता. काट, काट. माझ्या मसुद्यांवर आजवर कुणी रेघ ओढलेली नाही.

सातव्यानंतर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, पहिला लिफाफा हातात आला त्या क्षणाचं सांगा. शिक्का नंतरचा. आधी काय वाटलं?

मी म्हणालो, हात थरथरले. त्या म्हणाल्या, का? मी म्हणालो, उत्साहाने. त्यांनी पेनाला टोपण लावलं. नुसत्या बघत राहिल्या.

कसं कोण जाणे, मी त्यांना निकालाच्या पाकिटांचं सांगितलं. दोन्ही वर्षांचं. मामाने उघडल्याचं. आणि हे पाकीट आलं तेव्हा उघडायला मामा नव्हता, हेही. आत ‘नामंजूर’ लिहिलेलं असतं तर ते मला ताईला वाचून दाखवावं लागलं असतं. बंद होतं तोवर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी आठवा कागद पुढे सरकवला. मी एकच ओळ लिहिली : ‘मला भीती वाटली म्हणून मी लिफाफे उघडले नाहीत.’

त्या म्हणाल्या, झालं. मी विचारलं, थोडं वाढवू का? म्हणाल्या, हात लावलात तर बघा.

१४ मे, बुधवार. दुपारी १.००

कोर्टात न्यायाधीशांनी ओळ एकदा मनात वाचली आणि एकदा मोठ्याने. मग विचारलं, हा भाचा कोण? मी हात वर केला. त्यांनी बरंच निरखून पाहिलं. पंधरा दिवसांची मुदत दिली.

ताईने तिथेच, बाकावर कागद ठेवून सही केली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ज्युनिअर बाईंचा अंदाज जरा जास्त होता.

बाहेर आल्यावर ताईने मला कोपराने ढोसलं. म्हणाली, भित्र्या, मला सांगायचंस ना, मी उघडलं असतं. मी म्हणालो, तू वाफेवर धरणार होतीस. ती हसली. सहा दिवसांनी.

१९ मे, सोमवार. सकाळी ९.४०, मामाच्या (खोडून) ताईच्या दुकानात

कुलूप उघडलं. भिंतीवर सव्वीस घड्याळं. सगळी बंद, प्रत्येकात वेगळी वेळ. ताई म्हणाली, राहू देत, गिऱ्हाइकाला वेळेवर कपडा दिला नाही तर यातलं एक दाखवीन.

मशीन खिडकीखाली लावलं. तागे ठेवायला फळी ठोकली. (मी. दोन खिळे वाकले. लाकूड जुनं आहे.)

मुख्याध्यापिकाबाई येऊन गेल्या. जागा पाहिली, पसंत पडली. पण १५ तारीख उलटली म्हणून साठ गणवेश दुसरीकडे देऊन बसल्या आहेत. साठच ताईला. ताई म्हणाली, साठ तर साठ. पण मान खाली घालून म्हणाली.

जाताना बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, आणि माझा शिक्का? अडीच महिने झाले, निकालपत्रकांवर पेनने सही करून माझं मनगट सुजलं. मी म्हणायला लागलो, पुढच्या आठव... ताईने सुईत दोरा ओवता ओवता नुसतं वर बघितलं.

उद्या सकाळी देतो, म्हणालो.

२० मे, मंगळवार. सकाळी ८.५५

दिला. एक तास लागला.

२ जून, सोमवार. सकाळी १०.१५

घरात नवा नियम आहे, ताईचा. येणारं प्रत्येक पत्र मी उघडायचं, आल्याबरोबर, तिच्यासमोर. ‘उघडू नये’चा शिक्का तिने जप्त केला आहे. कपड्यांच्या पुड्यांवर मारते.

आजपर्यंत उघडलेलं : विजेचं बिल, सुयांच्या कंपनीची जाहिरात, शेजाऱ्यांची चुकून आलेली लग्नपत्रिका. तिन्ही वेळा हात स्थिर होता. जवळजवळ.

आज समितीचा लिफाफा आला. ताईने मशीन थांबवलं, दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बसली. मी उघडला. एकच पान. वकीलसाहेबांना लेखी ताकीद, वर्षभर त्यांच्या सगळ्या फायली तपासल्या जाणार. म्हणजे तक्रार यशस्वी. हे ताईला मोठ्याने वाचून दाखवलं.

ती म्हणाली, खाली अजून दोन ओळी आहेत.

होत्या. ‘तक्रारदारास सूचना : यापुढे आलेली पत्रे उघडून वाचावीत.’

ताई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग मशीन परत सुरू केलं. एकोणचाळीस झाले आहेत, एकवीस राहिलेत.

मी पान खिडकीपाशी नेलं, मामाचं भिंग लावलं. सहीशेजारी समितीचा गोल शिक्का. दुहेरी कडा, ‘शिस्त’ आणि ‘समिती’ दोन्ही पूर्ण, कुठे डाग नाही.

तो आमच्या दुकानातला आहे. चौथ्या वेळचा. फारच सुबक आला आहे.